लाल फुलीची चौदा कार्डं

मुलांच्या इस्पितळात त्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याला विनोदाची जाण असावी, कारण बाईंची उंची जेमतेम पावणेपाच फूट. नवा डॉक्टर रुजू झाला की ‘मोठ्या बाई कुठे भेटतील?’ असं विचारत त्यांच्याच डोक्यावरून पलीकडे पाहायचा, आणि मग खालून आवाज यायचा, “इथेच आहे मी. जरा मान खाली करा.”

उंची लहान असली तरी नाव मोठं होतं. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या एका आजारावर बाईंनी जे काम केलं, ते कुठल्या कुठे पोचलं होतं. हा आजार मोठा चमत्कारिक. चांगलं खेळतं मूल एके दिवशी झोपून उठतं ते डोळे सुजवूनच. मग पाय सुजतात, पोट सुजतं. अंगातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जात असतं. त्यावर गोळ्या होत्या, आणि त्या लागूही पडायच्या. पण वर्षभर द्यायचा रिवाज होता आणि वर्षभरात त्या मुलाचं पार दुसरंच मूल करून टाकायच्या. चेहरा वाटोळा, हाडं कच्ची, वाढ खुंटलेली. सात वर्षांची मुलगी बालवाडीतली वाटायची.

बाई तेव्हा तिशीच्या आतबाहेर होत्या. त्यांनी मोठमोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं, “वर्षभरच का द्यायच्या?” उत्तर मिळालं, “वर्षभर देतात म्हणून.” एकट्या सरांनी तसं उत्तर दिलं नाही. सर म्हणजे विभागाचे तेव्हाचे प्रमुख, ताडमाड उंच आणि मितभाषी. ते एवढंच म्हणाले, “मोजून बघू.”

पाच वर्षं मोजलं. दोनशे बारा मुलं घेतली. निम्म्यांना गोळ्या तीन महिने, निम्म्यांना वर्षभर; एका वस्तीतली मुलं एकाच गटात. तीन महिनेवाल्यांची कार्डं पिवळी, वर्षवाल्यांची निळी. प्रत्येक आईला काचेची एक नळी आणि स्पिरिटचा दिवा दिला. रोज सकाळी मुलाची लघवी नळीत तापवायची. अंड्याच्या पांढऱ्यासारखा साका धरला की आजार उलटला, मुलाला घेऊन धावत यायचं. शेवटी निघालं ते असं, की दोन्ही गटांत जवळपास सारख्याच मुलांचा आजार उलटतो. म्हणजे वर्षातले नऊ महिने ती पोरं उगाच सोसत होती.

पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा भर सभेत एक बुजुर्ग उठून म्हणाले होते, “औषध तोडून नाव कमवायची ही नवीच युक्ती आहे.” बाई रडल्या नाहीत, सरांनी रडायला वेळच दिला नाही, लगेच पुढच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावलं. हळूहळू मात्र लोकांनी ऐकलं. गावोगावचे डॉक्टर तीन महिन्यांवर थांबायला लागले. पण इतका मोठा अभ्यास पुन्हा कोणी केला नाही. लहानसहान झाले, ते कधी इकडे झुकले, कधी तिकडे. सगळा डोलारा या एका अभ्यासावर उभा होता. शोधनिबंधावर पहिलं नाव बाईंचं, दुसरं सरांचं. तसं सरांनीच ठरवलं होतं.

या गोष्टीला चौतीस वर्षं झाली. सर जाऊनही बारा वर्षं लोटली होती. बाई आता निवृत्त होणार होत्या आणि नव्या प्रमुखांसाठी त्यांच्या खोलीची डागडुजी चालू होती. सरांच्या काळातलं एक लाकडी कपाट होतं, ते सुतारानं भिंतीपासून ओढलं आणि तळातला खण बाहेर काढला. खणाची मागची फळी कधीच निसटलेली. मागच्या पोकळीत हात घालून त्यानं एक मोडका कंगवा काढला, औषधाची रिकामी डबी काढली आणि मग एक गठ्ठा.

“बाई, तुमचा पत्त्यांचा जोड सापडला बघा!” सुतार म्हणाला.

गठ्ठ्याचं रबर हात लावताच तुटून पडलं. कार्डं पिवळी होती. बाईंनी मोजली, चौदा निघाली. प्रत्येकावर मुलाचं नाव, बापाचा धंदा, पत्ता ‘धरण, कामगार वसाहत’, आणि वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची ठसठशीत फुली.

बाईंनी ती पुन्हा मोजली.

चौदा हा आकडा त्यांना तोंडपाठ होता. निबंधात त्यांनीच लिहिलं होतं: ‘तीन महिन्यांच्या गटातील चौदा मुलांशी संपर्क राहिला नाही.’ राहिला नाही, म्हणून त्यांना ना बऱ्यांत धरलं, ना आजार उलटलेल्यांत. पण ही लाल फुली? नोंदवहीत सर एकाच कारणासाठी लाल फुली मारत, ते म्हणजे ज्या मुलाचा आजार उलटला त्याच्या नावापुढे. ही खूण सगळ्या इस्पितळाला ठाऊक होती. म्हणजे या चौदांचं काय झालं ते सरांना कळलं होतं की काय? आजार उलटला हे माहीत असून ‘संपर्क राहिला नाही’ असं लिहवून घेतलं, आणि कार्डं खणामागे?

ज्या आठ महिन्यांत हे घडलं असेल, तेव्हा बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा सरांनी आकडे तयार ठेवले होते. बाईंनी ते जसेच्या तसे घेतले होते.

“बाई, बसा जरा,” सुतार म्हणाला, “तुमचा चेहरा उतरलाय.” आणि त्यानं आपलं स्टूल पुढे केलं.

घरी त्यांनी यजमानांना सांगितलं. यजमान भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे आणि चाळीस वर्षांत बाईंनाही तीच सवय लागली होती. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“अगं, पण सर असं करतील?”

“हेच मी दुपारपासून स्वतःला विचारतेय मास्तर. आणि विचारलं याचीच लाज वाटतेय.”

“मग विचारू नकोस.”

“न विचारून कसं चालेल? माझ्या शब्दावर लोक पोरांच्या गोळ्या थांबवतात. तो शब्दच खोटा असेल तर?”

मास्तरांनी ताटं वाढायला घेतली. बायकोशी कुठे वाद घालायचा आणि कुठे नाही, हा नकाशा त्यांना बिनचूक पाठ होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दशांशना बोलावलं. दशांश म्हणजे अभ्यासाची आकडेमोड केलेले गृहस्थ, आता सत्तरी ओलांडलेले. त्यांना एकदा ताप आला असताना ‘किती आहे?’ विचारल्यावर त्यांनी दशांशचिन्हानंतरचे दोन आकडे सांगितले होते, तेव्हापासून मूळ नाव मागे पडलं. त्यांनी कार्डं पाहिली, कागद ओढला आणि आकडे मांडले.

“तीन महिन्यांच्या गटात एकशे सहा मुलं. चौदा गळली, ब्याण्णव उरली. त्यांत आजार उलटला एकोणतीस जणांचा. म्हणजे शंभरात एकतीस पूर्णांक पाच दोन.”

“आणि वर्षभरवाल्यांत शंभरात अठ्ठावीस. ते ठाऊक आहे मला. हे चौदाही उलटले असतील तर?”

दशांशनी कागदावर नुसती पेन्सिल टेकवून ठेवली. “तर एक्केचाळीसच्या आसपास. मग दोन्ही गट सारखे म्हणता येत नाही, बाई. आपला निष्कर्ष पाण्यात.”

त्यात भर म्हणजे, तीन आठवड्यांवर एक बैठक होती. या आजारावर देशभरात कसे उपचार करायचे, त्याचे नियम नव्यानं लिहायला डॉक्टरांची समिती बसणार होती आणि अध्यक्ष होत्या खुद्द मोठ्या बाई. त्यांनी त्याच दिवशी समितीच्या सचिवांना फोन केला. सचिव चलाख डॉक्टर होते, बाईंचेच विद्यार्थी.

“बाई, रागावू नका, पण हे हात दाखवून अवलक्षण आहे. चौतीस वर्षांपूर्वीची कार्डं! कोणाला माहीत आहे?”

“मला माहीत आहे. आणि आता तुलाही. हवं तर सुताराला विचार, त्यालाही माहीत आहे.”

“मग काय करायचं म्हणता?”

“सगळ्यांना पत्र धाड. अभ्यासाबद्दल शंका आहे, तपास चालू आहे, तोवर मी अध्यक्ष नाही. मी सही करून पाठवते.”

पत्र गेलं. बाईंना वाटलं होतं, पत्र गेल्यावर पाचावर धारण बसेल. उलट त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. जे व्हायचं ते उजेडात होणार होतं.

आता शोध कुठून सुरू करायचा? धरण कधीच बांधून झालं होतं आणि वसाहतीच्या जागी पाणी खेळत होतं. बाई त्या वेळच्या मेट्रनकडे गेल्या. मेट्रन चौऱ्याऐंशी वर्षांच्या, भाचीकडे राहत. डोळे अधू झाले होते, पण जीभ आणि डोकं ठणठणीत.

“फुल्यांचं मला विचारू नका, बाई. सरांच्या कार्डांना हात लावायची कोणाची टाप होती? पण पोरं आठवतात ना! धरणावरची पोरं. खडी फोडणारे, गवंडी, सुरुंगवाले यांची. तुम्ही बाळाला घेऊन घरी होतात, तेव्हा काम संपलं आणि एका महिन्यात सगळी वसाहत उठली. पाखरं उडावीत तशी माणसं गेली.”

“कुठे गेली असतील?”

“ते मला काय ठाऊक? पण तिथल्या मुकादमाला ठाऊक असणार. तो कुणाला विसरायचा नाही. त्याची मुलगी आपल्याकडेच नर्स झाली, तिचा नंबर आहे माझ्याकडे. अगं ए, ती निळी डायरी दे गं इकडे!”

मुकादम बसनं तीन तासांवर एका लहानशा गावात राहत होता. मास्तर नकाशा घेऊन सोबत आले. रस्ता सरळ एकच होता, तरी दर वळणावर त्यांनी नकाशा उघडला. मुकादम ऐंशीचा, काटक आणि ठार बहिरा. त्यामुळे सगळं संभाषण गावाला ऐकू जाईल अशा आवाजात झालं. बाईंनी खाटेवर चौदा कार्डं मांडली. मुकादमानं एकेक उचलून डोळ्यांशी नेलं.

“हा ड्रिलवाल्याचा. ही आमच्या गवंड्याची थोरली. हा, हा फार द्वाड होता. पण ही कार्डं मी आधी बघितलीत की!”

बाई पुढे सरकल्या. “कधी? कुठे?”

“अं?”

“कुठे बघितलीत?” मास्तर ओरडले. शाळेत मिळवलेला आवाज कामी आला.

“तिथंच, वसाहतीत. तुमचे ते उंच डॉक्टर आले होते ना! तेव्हा मी आणि रखवालदार, दोनच माणसं उरलेलो. बाकी सगळ्या खोल्या उघड्या, दारं-खिडक्यासुद्धा लोक काढून घेऊन गेलेले. डॉक्टर एकेक कार्ड काढून विचारायचे, हा कुठंय? मी म्हणायचो, गेला. ते फुली मारायचे. ही कुठंय? गेली. परत फुली. चौदा झाली तेव्हा पायरीवर बसले. पाणी मागितलं. म्हणाले, मुकादम, एक तरी ठेवायचं होतंत.”

बाईंनी एका फुलीवरून बोट फिरवलं.

“नंतरही दोन खेपा आले. रविवारचे. म्हणायचे, कुणाचं पत्र आलं का, पत्ता कळला का? मला तेव्हा कुठले कळायला पत्ते! लोक दुसऱ्या कामावर, तिथून तिसऱ्या कामावर. लग्नकार्यं सुरू झाली तेव्हा कळायला लागले. पत्रिका येतात ना. तोवर डॉक्टर यायचे बंद झाले होते.”

बाईंनी कार्डं गोळा केली, पण ती दोनदा खाली सांडली. फुली म्हणजे ‘गेला’. फुली म्हणजे ‘सापडला नाही’. एवढंच होतं; आणि गठ्ठा त्या कंगव्यासारखाच मोडक्या खणातून मागे घसरला होता. ज्या माणसानं तीन रविवार या पोरांमागे घालवले, त्याच्यावर त्यांनी चार दिवस चोरीचा वहीम घेतला होता. छातीवरची धोंड उतरली, आणि उतरताना जरा खरचटूनही गेली.

परतताना मास्तर म्हणाले, “झालं ना समाधान?”

“सरांचं झालं. पोरांचं कुठे झालंय? ती उलटली की नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही. सरांनाही नव्हतं.”

मुकादमानं नातीला बसवून पत्रिकांच्या पेटीतून पत्ते आणि नंबर काढून दिले होते. घरच्या टेबलावर बाई, दशांश आणि मास्तर असं कार्यालय थाटलं गेलं. बाई फोन करायच्या, दशांश लिहायचे आणि मास्तर भिंतीवरच्या नकाशात टाचण्या खोचायचे.

पहिला फोन लागला तो गवंड्याच्या थोरलीला. ती आता एका शहरात बसवर कंडक्टर होती. बाईंनी ओळख सांगितली आणि जीव मुठीत धरून विचारलं, “गोळ्या थांबवल्यावर परत कधी सूज आली होती का?”

“आली की! चार वेळा,” ती म्हणाली. मागे बसची घंटा वाजत होती. “शाळेची दोन वर्षं गेली माझी. पंधराव्या वर्षी आपोआप थांबलं. पण तुम्ही कशाला विचारताय? काही वाईट आहे का?”

“नाही गं बाळा, वाईट काही नाही. आता तब्येत कशी आहे?”

“आता काय, रोज शंभर माणसांशी भांडते. उत्तम आहे.”

दशांशनी एक रेघ ओढली. दुसरा फोन एका ट्रक मेकॅनिकला. त्याचाही उलटला होता. एकदाच, पण उलटला होता. दोनांत दोन. दशांशनी दुसरी रेघ ओढली आणि मास्तरांनी टाचणी खोचताना बायकोकडे बघायचं टाळलं. त्या दिवशी तिसरा फोन करायचं बाईंना धाडस झालं नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी धुतलेली भांडी परत धुतली.

“दोनावरून काही सिद्ध होत नाही, बाई,” दशांश दारातून म्हणाले. “नाणं दोनदा सारखं पडतं.”

“हे तुम्ही मला सांगताय की स्वतःला?”

“दोघांना.”

सकाळी त्यांनी देवाचं नाव न घेता, सरांचं घेतलं आणि फोन उचलला. ड्रिलवाल्याचा मुलगा आता शाळेत शिपाई. “सूज? नाही बुवा. लहानपणी होती म्हणे, नंतर कधीच नाही.” पुढची आता दोन मुलांची आई, तिलाही नाही. पुढचा, तो द्वाड, एका दुकानात सामान पोचवायचा. म्हणाला, आजार कसला, मला तर काही आठवतच नाही, थांबा आईला देतो. आई म्हणाली, “नाही हो डॉक्टर, गोळ्या संपल्या त्या संपल्या.” असे एकामागून एक फोन लागत गेले. कुठे नंबर चुकीचा, कुठे शेजाऱ्याकडून निरोप, कुठे तीन वेळा फोन करून मग माणूस. मध्ये आणखी एकीचा उलटलेला निघाला, मग लागोपाठ तिघांचा नाही, मग पुन्हा एकाचा. दशांशच्या रेघा वाढत होत्या, पण आता त्या दोन रांगांत होत्या आणि ‘नाही’ची रांग पुढे गेली होती.

एका ठिकाणी फोन नव्हता. बाई आणि मास्तर स्वतः गेले. दार म्हाताऱ्या आईनं उघडलं. मुलगा बाविसाव्या वर्षी गेला होता. बाईंनी विचारलं, “सुजेनं?”

“ट्रकनं उडवलं,” आई म्हणाली. “सायकलवर होता. कामावर निघाला होता.”

“मला माफ करा. मी यायला नको होतं.”

“का नको? त्याचं नाव काढत कोणी येत नाही आता. बसा.” तिनं दोघांना पाणी दिलं. “सूज परत कधी आली नाही, डॉक्टर. तुम्ही नळी दिली होती ना, मी तीन वर्षं रोज तापवून बघायचे. तुम्ही वर्षभर म्हणाला होतात, पण मला धीर व्हायचा नाही. सासूबाई ओरडायच्या, दिव्याचं स्पिरिट फुकट जातं म्हणून. पण पाणी स्वच्छ निघालं की माझा दिवस बरा जायचा.”

बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. येताना बसमध्ये त्या मास्तरांना म्हणाल्या, “एवढी शिस्त आमच्या डॉक्टरांत असती तर!” आणि खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

अठराव्या दिवशी दशांशनी बेरीज मांडली. चौदांपैकी बारांचं कळलं होतं. दोघांचा काही केल्या पत्ता लागला नाही. एक कुटुंब परदेशी गेलेलं, एकाचं मुकादमालाही ठाऊक नव्हतं. बारांपैकी आजार उलटला चौघांचा. आठांचा नाही.

“ही बाराही धरली, तर एकशे चारांत तेहेतीस. म्हणजे एकतीस पूर्णांक सात तीन.” दशांशनी चष्मा कपाळावर चढवला. “आधी होतं एकतीस पूर्णांक पाच दोन. फरक शून्य पूर्णांक दोन एक.”

“आणि ते दोघे?”

“दोघेही उलटले असं धरलं तरी शंभरात तेहेतीस. निष्कर्ष हलत नाही.” त्यांचा आवाज एकदम चिरकला. “शून्य पूर्णांक दोन एक! एवढ्यासाठी मी अठरा दिवस धड जेवलो नाही, बाई!”

बाई हसायला लागल्या, आणि एकदा हसू सुटलं ते थांबेना. मास्तर धावत आले, त्यांना वाटलं काही भलतंच झालं. मग कागद पाहून तेही खुर्चीत बसले आणि “हुश्श” म्हणाले. इतक्या जोरात, की भिंतीवरचा नकाशा हलला. बाईंचा जीव भांड्यात पडला होता. चौतीस वर्षांत तीन महिन्यांवर गोळ्या थांबवलेली ती सगळी पोरं, ज्यांची तोंडंही त्यांनी पाहिली नव्हती, ती त्यांना एकदम परत मिळाल्यासारखी वाटली.

एक काम राहिलं होतं. सरांच्या पत्नी हयात होत्या, नव्वदीला टेकलेल्या. सगळे त्यांना काकू म्हणत. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. कपाट, फुल्या, आणि मनात काय पाप आलं तेसुद्धा.

“काकू, मी सरांवर संशय घेतला. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.”

काकूंनी डोळे बारीक केले. “तो मुकादम काय म्हणाला? कुठल्या वारी जायचे हे?”

“रविवारी. तीन रविवार.”

“त्याच वर्षी?”

“हो.”

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि लहान मुलीसारख्या खुदखुदायला लागल्या. “अगं बाई! मला म्हणायचे, जुन्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जातो. आणि तो मित्र मला बाजारात भेटून विचारायचा, काय हो, साहेब दिसत नाहीत बऱ्याच दिवसांत! मी काय समजायचं सांग? चौतीस वर्षं गं! चौतीस वर्षं मी तोंडानं काही बोलले नाही, पण मनात एक गाठ ठेवून होते.”

“पण खोटं कशाला सांगायचं? कामाला जातो म्हणायचं.”

“त्याआधी मला वचन दिलं होतं ना, रविवारी इस्पितळाचं नाव काढणार नाही म्हणून!” काकू पदरानं डोळे टिपत होत्या; हसून की रडून, कळायला मार्ग नव्हता. “मूर्ख माणूस. पोरं शोधायला गेला असता तर मी डबा नसता का दिला?”

दोघी बायका बराच वेळ एकमेकींच्या तोंडाकडे बघून हसत राहिल्या.

समितीच्या बैठकीत बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. कार्डं टेबलावर फिरवली. कंडक्टरबाईचा आजार चारदा उलटला, हेही सांगितलं आणि त्या म्हणाल्या, “हे एक मूल आकड्यात एकच धरलं जातं, पण तिची शाळेची दोन वर्षं गेली. नियम लिहिताना अशांसाठी वेगळा परिच्छेद हवा. तीन महिने पुरतात ते बहुतेकांना, सगळ्यांना नाही.” यावर दोन तास चर्चा झाली, चांगलीच तापली, आणि तो परिच्छेद लिहिला गेला. तीन महिन्यांचा नियम कायम राहिला. सचिवांनी बाईंना पुन्हा अध्यक्षांच्या खुर्चीवर बसवलं, तेव्हा त्यांचे पाय नेहमीप्रमाणे जमिनीला टेकले नाहीत.

मूळ निबंध छापलेल्या नियतकालिकाला पाठवायचं टिपण त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं. एका पानाचं. ‘पूर्वी संपर्क न राहिलेल्या चौदा मुलांपैकी बारांची माहिती आता मिळाली आहे,’ अशी सुरुवात होती. लेखक म्हणून त्यांनी चार नावं घातली: सरांचं, आपलं, दशांशचं आणि मुकादमाचं. संपादकांचा फोन आला, की हे चौथे गृहस्थ कुठल्या संस्थेचे? बाई म्हणाल्या, “धरणाचे.” संपादक जरा घुटमळले, पण नाव छापलं.

टिपण टपालात टाकून बाई घरी आल्या, दुपारी बिछान्यावर आडव्या झाल्या आणि संध्याकाळी पाच वाजता मास्तरांनी चहासाठी हाक मारली, तेव्हा त्या गाढ झोपेत होत्या. मास्तरांनी चहा झाकून ठेवला.